वस्त्रोद्योग आणि त्याचे शेजारी : वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरे

कपड्यांच्या निर्मितीमुळे पाणी, माती आणि हवा यांच्यावर पडणारा भार एकटा वस्त्रोद्योग कमी करू शकणार नाही. त्यासाठी रसायने, साखर, प्लॅस्टिक, चामडे आणि कचरा-व्यवस्थापन या शेजारच्या उद्योगांशी त्याला जोडून घ्यावे लागेल, असे गेल्या अंकातील लेखात आम्ही म्हटले होते. त्यावर सीमाभागातून बरीच पत्रे आली. कौतुकाची पत्रे बाजूला ठेवून शंका आणि आक्षेप तेवढे येथे घेतले आहेत. पत्रे संक्षिप्त केली असून पत्रलेखकांची नावे न देता केवळ गावे दिली आहेत.

प्रश्न : आमच्या घरी चार माग आहेत. सूत रंगवून येते, बीमही (उभ्या धाग्यांचा रूळ) भरून येतो. आम्ही साडी विणून व्यापाऱ्याला द्यायची आणि मजुरी घ्यायची. यात ‘पर्यावरणपूरक उत्पादन’ आम्ही करायचे म्हणजे नेमके काय करायचे? मोठ्या ब्रँडांनी आपसांत करार करावेत, आमच्यासारख्यांना त्यात कशाला ओढता?
— एक यंत्रमागधारक, वडगाव, बेळगाव

उत्तर : आपला आक्षेप रास्त आहे. साडीच्या निर्मितीतील सर्वांत जड टप्पे मागावर घडतच नाहीत. पॉलिएस्टरचे सूत सुरतेकडून आले, तर त्याच्यामागे खनिज तेलावर चालणारा पेट्रोरसायनांचा कारखाना असतो. व्हिस्कोसचे सूत लाकडाच्या लगद्यापासून बनते. आपल्याच राज्यात तुंगभद्रेच्या काठी, हरिहरजवळच्या कुमारपट्टणम येथे, लगदा आणि त्यापासूनचा तंतू हे दोन्ही तयार होतात. या प्रक्रियेत कार्बन डायसल्फाइड हे विषारी रसायन लागते, आणि ते हवेत सोडून द्यायचे की पकडून पुन्हा वापरायचे, हे तंतूच्या कारखान्यात ठरते, वडगावात नव्हे. त्यानंतर येते रंगाई, जिच्यात गरम पाणी, वाफ आणि रसायने यांचा सर्वांत मोठा खर्च होतो. मागावर उरते ती वीज आणि वाया जाणारे सूत. धोट्यातली कांडी पूर्ण रिकामी होण्याआधीच बदलावी लागते, आणि तिच्यावर राहिलेले रंगीत सूत सुरीने कापून कोपऱ्यातल्या पोत्यात टाकले जाते. ते पोते किती दिवसांनी भरते, हे आपल्याला आमच्यापेक्षा चांगले ठाऊक असणार.

असे असूनही विणकराला या चर्चेतून वगळणे आम्हाला पटत नाही, कारण सूतविक्रेता, रंगारी आणि व्यापारी या तिघांशीही व्यवहार असलेला तोच एक माणूस आहे. एकट्या घराने सूतविक्रेत्याला ‘या रंगात काय आहे’ असे विचारले, तर तो हसण्यावारी नेईल. पण शहापूर, वडगाव आणि खासबाग येथील पन्नास-साठ मागधारकांनी आपल्या सोसायटीमार्फत एकत्र खरेदी करून तीच विचारणा लेखी केली, तर त्याला उत्तर द्यावे लागेल. अशा विचारणेने काय होते, याचे जुने उदाहरण अझो रंगांचे आहे. काही अझो रंगांचे विघटन होऊन कर्करोगाला कारण ठरणारी द्रव्ये तयार होतात, म्हणून जर्मनीने १९९४ मध्ये त्यांच्यावर बंदी घातली आणि निर्यातीची दारे बंद होतील या धास्तीने भारतानेही १९९७ मध्ये अशा रंगांवर बंदी आणली. रंग बनवणारे, रंगवणारे आणि विकणारे या सगळ्यांना तेव्हा एकाच वेळी बदलावे लागले. पर्यायी रंग उपलब्ध होते; मागणी मात्र कोणीतरी ठामपणे करावी लागली.

प्रमाणपत्रांबाबत एक सावधगिरीची सूचना करावीशी वाटते. एखादा व्यापारी ‘तुमच्या युनिटचे सेंद्रिय कापडाचे प्रमाणपत्र काढा’ म्हणून मागे लागला, तर आधी शुल्क कोण भरणार हे विचारावे. ‘गॉट्स’ या जागतिक सेंद्रिय मानकात जिनिंगपासून (कापसातून सरकी वेगळी करण्यापासून) शिलाईपर्यंतचा प्रत्येक टप्पा प्रमाणित असावा लागतो. मधला एक दुवा सुटला, तर पुढच्यांच्या प्रमाणपत्राला अर्थ उरत नाही, आणि पॉलिएस्टरच्या साडीला तर ते मिळणारच नाही. ज्या कागदामुळे माल महाग विकला जाणार आहे, त्या कागदाचा खर्च मजुरीवर विणणाऱ्याने उचलू नये, असे आमचे स्पष्ट मत आहे.

प्रश्न : मी फॅशन डिझाइनच्या अभ्यासक्रमाची विद्यार्थिनी आहे. जागतिक पातळीवर ब्रँड, संयुक्त राष्ट्रे आणि उद्योगसमूह यांच्या अनेक आघाड्यांची नावे आम्हाला शिकवली जातात. त्यांतली खरोखर उपयोगी ठरलेली कोणती?
— एक विद्यार्थिनी, बेळगाव

उत्तर : नावे खरोखरच पुष्कळ आहेत. डिसेंबर २०१८ मध्ये पोलंडमधील कातोवित्से येथील हवामान परिषदेत फॅशन उद्योगाची हवामानविषयक सनद जाहीर झाली. मार्च २०१९ मध्ये नैरोबी येथे संयुक्त राष्ट्रांच्या संस्थांनी शाश्वत फॅशनसाठी आघाडी स्थापन केली. त्यांच्या हेतूंबद्दल आम्हाला शंका नाही. परंतु सही करणाऱ्याने वचन पाळले नाही, तर त्याचे काय होते, हा प्रश्न अशा प्रत्येक उपक्रमाला विचारावा आणि बहुतेक ठिकाणी ‘फारसे काही होत नाही’ या उत्तराची तयारी ठेवावी.

या कसोटीवर उतरणारे उदाहरण पर्यावरणाचे नसून कामगारांच्या सुरक्षेचे आहे, तरी आपण ते बारकाईने अभ्यासावे. २४ एप्रिल २०१३ रोजी बांगलादेशातील राणा प्लाझा ही इमारत कोसळून ११०० हून अधिक लोक मृत्युमुखी पडले, त्यांतील बहुसंख्य कपडे शिवणारे कामगार होते. त्यानंतर काही आठवड्यांतच ब्रँड आणि आंतरराष्ट्रीय कामगार संघटना यांच्यात आग व इमारत-सुरक्षेचा जो करार झाला, तो कायद्याने बंधनकारक होता. स्वतंत्र अभियंत्यांनी कारखान्यांची तपासणी करायची, अहवाल जाहीर करायचे, आणि दुरुस्तीसाठी पैसा उपलब्ध होईल अशी तजवीज ब्रँडांनी करायची, असे त्यात लिहिले होते. पुढे दोन ब्रँडांनी दुरुस्तीबाबत टाळाटाळ केल्याचा आरोप करून कामगार संघटना हेग येथील स्थायी लवाद न्यायालयात गेल्या, तेव्हा तडजोड होऊन त्या ब्रँडांना दुरुस्तीसाठी पैसे द्यावे लागले. बांधकाम, विमा, वीजजोडणी आणि शिवणकाम अशा वेगवेगळ्या क्षेत्रांतल्या लोकांना एका टेबलावर आणण्याची ताकद त्या करारातील बंधनकारक कलमांत होती.

रसायनांच्या बाबतीत ‘झेडडीएचसी’ हा उपक्रम पाहण्यासारखा आहे. ग्रीनपीस या संस्थेने २०११ मध्ये चीनमधील नद्यांत जाणाऱ्या सांडपाण्याचा माग काढत मोठ्या ब्रँडांना जाहीरपणे धारेवर धरले आणि त्याच वर्षी काही ब्रँडांनी घातक रसायनांचे विसर्जन शून्यावर आणण्यासाठी हा उपक्रम सुरू केला. तयार कपड्यात किती विष उरले, एवढेच मोजण्याची जुनी पद्धत सोडून त्याने निर्मितीतच कोणती रसायने वापरू नयेत याची यादी केली. हा फरक महत्त्वाचा आहे, कारण कपडा धुऊन स्वच्छ झाला, तरी धुतलेले पाणी कोठेतरी गेलेलेच असते. शिवाय अशी यादी रसायन-कंपन्यांना बाजूला ठेवून करताच येत नाही.

प्रश्न : इचलकरंजीच्या रंगाई कारखान्यांचे पाणी पंचगंगेतून कृष्णेत आणि कृष्णेतून आमच्या शेतात येते. उन्हाळ्यात धार बारीक झाली, की पाण्याला वास येतो. कारखाने महाराष्ट्रात, शेते कर्नाटकात. तुमच्या सहकार्यात आम्ही कोठे बसतो?
— एक शेतकरी, यडूर, ता. चिकोडी

उत्तर : आपल्या पत्राने मूळ प्रश्नालाच हात घातला आहे, म्हणून उत्तरही थोडे विस्ताराने देत आहोत.

प्रथम एक गोष्ट न्यायाने सांगितली पाहिजे. नृसिंहवाडीला कृष्णेला मिळणाऱ्या पंचगंगेत केवळ रंगाईचे पाणी नसते. कोल्हापूर आणि इचलकरंजी या शहरांचे मैलापाणी व साखर उद्योगाचे सांडपाणीही त्या नदीत येत आले आहे. रंग डोळ्यांना दिसतो, म्हणून सारा दोष त्याच्या माथी जातो. पण रंगाईच्या पाण्यात डोळ्यांना न दिसणारी जी एक गोष्ट असते, ती शेतकऱ्याच्या दृष्टीने रंगापेक्षाही वाईट, आणि ती म्हणजे मीठ. सुती कापडावर रिअॅक्टिव्ह रंग चढवण्यासाठी पाण्यात भरपूर मीठ घालावे लागते. गडद रंग असेल, तर एक किलो कापडामागे अर्धा किलो किंवा त्याहूनही अधिक. हे मीठ कापडात राहत नाही, सगळे पाण्याबरोबर बाहेर पडते. सामुदायिक सांडपाणी प्रकल्पातील जिवाणू सेंद्रिय घाण खातात, मीठ खात नाहीत. त्यामुळे प्रकल्पातून बाहेर पडलेले पाणी स्वच्छ दिसले, तरी ते वर्षानुवर्षे पिकाला दिल्यास जमीन खारवते.

तिरुप्पूरला नेमके हेच झाले. नोय्यल नदीवर शेतीसाठी बांधलेल्या ओरत्तुपाळयम धरणात होजिअरीच्या रंगाईचे पाणी साठत गेले आणि शेतकऱ्यांना धरणाचे पाणी नकोसे झाले. शेतकरी न्यायालयात गेले, आणि अनेक वर्षांच्या लढ्यानंतर मद्रास उच्च न्यायालयाने जानेवारी २०११ मध्ये, पाण्याचा थेंबही बाहेर न सोडण्याची अट न पाळणारे रंगाई कारखाने बंद करण्याचा आदेश दिला. त्यानंतर तेथे पाणी गाळून, पडद्यांतून दाबाने पार करून, उरलेले खारे पाणी आटवून मीठ वेगळे काढण्याची व्यवस्था उभी राहिली, आणि आज तेथील रंगाईत पुष्कळसे पाणी व मीठ फिरून वापरले जाते. परंतु पाणी आटवायला वाफ लागते, वाफेला जळण लागते, आणि शेवटी कोणालाच नको असलेला मिश्र क्षारांचा गाळ उरतो. छोट्या रंगाईवाल्यांपैकी अनेकांना हा खर्च झेपला नाही. कापड विकत घेणाऱ्या परदेशी ब्रँडांनी मात्र त्या खर्चाच्या प्रमाणात भाव वाढवून दिला, असे म्हणता येत नाही.

इचलकरंजीत याहून सोपी सुरुवात करण्यासारखी एक जागा आहे, ती खळीची. विणताना ताण्याचा धागा तुटू नये म्हणून सायझिंगमध्ये त्याला स्टार्चची किंवा पीव्हीए या रसायनाची खळ देतात. कापड विणून झाले, की प्रोसेसवाल्याला (कापड धुऊन रंगवणाऱ्याला) तीच खळ धुऊन काढावी लागते, आणि धुतलेली खळ सांडपाण्याचा मोठा भार होऊन बसते. पीव्हीए बारीक पडद्यांतून गाळून परत मिळवता येते आणि पुन्हा वापरता येते. हे तंत्र जुने आहे. तरी ते मुख्यतः सूत, विणाई आणि प्रोसेस एकाच छताखाली असलेल्या मोठ्या गिरण्यांतच चालते. याचे कारण हिशेबात आहे : यंत्र बसवायचे प्रोसेसवाल्याने आणि वाचलेली खळ जायची सायझिंगवाल्याच्या उपयोगाला, दोघांचे मालक वेगळे. शिवाय प्रत्येक सायझिंगची खळ वेगळी असल्याने परत मिळालेले मिश्रण कोणाच्याच कामाचे राहत नाही. गावातल्या सायझिंगवाल्यांनी खळीचा एकच नुसखा ठरवला आणि परतीच्या खळीला भाव लावला, तर हा प्रश्न अर्धा सुटतो. त्यासाठी नवा शोध लागायला नको.

आता आपण कोठे बसता? आज कोठेच नाही, हे कटू उत्तर आहे. दोन राज्यांची दोन प्रदूषण नियंत्रण मंडळे आहेत आणि नदी एक आहे. पण तिरुप्पूरची व्यवस्था उभी राहिली, ती शेतकऱ्यांनी मीठ मोजून न्यायालयापुढे ठेवल्यामुळे. यडूरपासून कुडचीपर्यंतच्या पाणीवापर संस्थांनी दर महिन्याला नदीच्या आणि विहिरींच्या पाण्याची क्षारता मान्यताप्राप्त प्रयोगशाळेतून तपासून ठेवावी. वासाची तक्रार दोन दिवसांत विरते. तारीखवार मांडलेली क्षारतेची नोंद दोन्ही मंडळांना आणि राष्ट्रीय हरित लवादालाही विचारात घ्यावी लागते.

प्रश्न : उसापासून कापड होते, असे वाचले. आमच्या जिल्ह्यात वीसहून अधिक साखर कारखाने आहेत. मग सभासदांना त्याचा लाभ का होऊ नये?
— एक ऊस उत्पादक, संकेश्वर

उत्तर : होते, पण जाहिरातीत सांगतात तसे नाही. एक मार्ग मळीचा. मळीपासून इथेनॉल, इथेनॉलपासून इथिलीन आणि त्यापासून ग्लायकोल असा तो प्रवास आहे. उत्तराखंडातील काशीपूर येथे इंडिया ग्लायकोल्स ही कंपनी असे ग्लायकोल बनवत आली आहे. पॉलिएस्टरच्या वजनात ग्लायकोलचा वाटा सुमारे ३० टक्के असतो, उरलेले ७० टक्के दुसरे रसायन खनिज तेलातूनच येते. तेव्हा ‘वनस्पतीजन्य पॉलिएस्टर’ म्हणून मिळणारा सदरा बहुधा तीस टक्केच वनस्पतीजन्य असतो, आणि धुताना सुटणारे त्याचे सूक्ष्म तंतू इतर कोणत्याही पॉलिएस्टरसारखेच न कुजणारे असतात. दुसरीकडे, पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल मिसळण्याच्या धोरणाने इथेनॉलला हमखास गिऱ्हाईक मिळवून दिले आहे. कापडवाल्याने त्याहून चांगला भाव दिल्याशिवाय कारखाना त्याच्याकडे वळून पाहणार नाही, आणि त्याला दोषही देता येणार नाही.

दुसरा मार्ग बगॅसचा, म्हणजे उसाच्या चिपाडाच्या लगद्यापासून व्हिस्कोससारखा तंतू काढण्याचा. बगॅसचे तंतू आखूड असतात, त्यात सिलिका असते आणि मधला भुसभुशीत गर आधी काढून टाकावा लागतो. हे सारे जमवता येते, पण आज बगॅस पडून नाही, बॉयलरमध्ये जळून कारखान्याला वाफ आणि वीज देत आहे. ते काढून घ्यायचे, तर बदल्यात काही द्यावे लागेल. तामिळनाडूत करूरजवळच्या सरकारी कागद कारखान्याने हे ओळखले होते. त्याने साखर कारखान्यांना दुसऱ्या जळणावरची वाफ पुरवून त्यांचे बगॅस कागदासाठी मिळवले. दोन उद्योगांतील सहकार्याचा हा आम्हाला सर्वांत प्रामाणिक वाटणारा नमुना आहे, कारण त्यात उपकाराची भाषा नाही, वाफेच्या बदल्यात बगॅस असा रोकडा व्यवहार आहे. खेदाची बाब एवढीच, की ती वाफ दगडी कोळशावर तयार होत होती.

ऊस हे स्वतःच पाणी पिणारे पीक आहे. त्याच्या टाकाऊ भागाचा उपयोग करणे योग्य. कापडासाठी म्हणून उसाचे क्षेत्र वाढवणे मात्र आमच्या मते कृष्णाकाठालाही परवडणार नाही.

प्रश्न : आमच्या मशीन शॉपमध्ये यंत्रे पुसायला दर महिन्याला चिंध्यांची पोती लागतात. तेलकट चिंध्यांचे काय करावे, हा प्रश्नच असतो. याचा आणि तुमच्या विषयाचा काही संबंध आहे का?
— एक लघुउद्योजक, उद्यमबाग, बेळगाव

उत्तर : थेट संबंध आहे. बेळगावच्या शिंप्यांकडील आणि शिलाई युनिटांतील कतरणे चिंधीवाल्याकडे जातात, तेथे त्यांची निवड होते आणि त्यांतली सुती पोती उद्यमबाग, मच्छे येथील फौंड्री व मशीन शॉपमध्ये येतात. पांढऱ्या होजिअरीच्या चिंधीला सर्वांत चांगला भाव, रंगीत सुतीला त्याहून कमी, आणि पॉलिएस्टर मिसळलेल्या चिंधीला जवळजवळ काहीच नाही, कारण ती कूलंट (यंत्र थंड ठेवणारा द्रव) शोषत नाही आणि तापलेल्या भागावर वितळून चिकटते. म्हणजे शिंप्याच्या दुकानात सुती आणि मिश्र कतरणांसाठी दोन वेगळी पोती ठेवली, तर त्याचा फायदा तुम्हाला होतो. आज मात्र ती निवड करणाऱ्या बाईला पोत्यामागे मिळणारी मजुरी इतकी तुटपुंजी असते, की घाईत दोन्ही एकत्र होतात.

तेलाने भरलेल्या चिंध्या २०१६ च्या नियमांनुसार घातक कचऱ्यात मोडतात. त्या उघड्यावर जाळणे किंवा घंटागाडीत टाकणे हा गुन्हा आहे. अधिकृत वाहतूकदारामार्फत त्या सिमेंट कारखान्याच्या भट्टीत जाळण्यासाठी पाठवता येतात, आणि बागलकोट जिल्ह्यात सिमेंट कारखाने आहेतच. पण भट्टी हा शेवटचा उपाय. युरोपात यंत्र पुसण्याची जाड सुती फडकी भाड्याने देणाऱ्या औद्योगिक धुलाई कंपन्या आहेत. त्या वापरलेली फडकी बंद पिंपातून नेतात, धुतात, तेल वेगळे काढतात आणि तीच फडकी पुन्हा आणून देतात. उद्यमबागेतल्या एकट्या शॉपला हे परवडणार नाही. संघटनेने शंभर शॉपची मागणी एकत्र केली आणि तेल वेगळे काढण्याची सोय असलेली एकच धुलाई उभारली, तर हिशेब बसण्याची शक्यता आहे. फडक्यांचे कापड कोठून घ्यायचे, असे विचाराल, तर जाड सुती कापड विणणारे माग हाकेच्या अंतरावर आहेत.

प्रश्न : एका इटालियन ब्रँडने आमच्या चपलांची नक्कल केल्यावर गाजावाजा झाला, मग करार झाला. यातून अथणीच्या कारागिराला काय मिळणार?
— एक चर्मकारागीर, अथणी

उत्तर : जून २०२५ मध्ये मिलानच्या फॅशन शोमध्ये प्राडाने कोल्हापुरीसारख्या चपला दाखवल्या, त्यांच्या मुळाचा उल्लेख केला नाही, आणि टीका झाल्यावर त्या भारतीय परंपरेतून घेतल्याचे मान्य केले. डिसेंबरमध्ये महाराष्ट्राचे लिडकॉम आणि कर्नाटकाचे लिडकर या दोन चर्मोद्योग महामंडळांशी प्राडाचा करार होऊन सुमारे २,००० जोड येथील कारागिरांकडून करून घेण्याचे ठरले. दोन हजार जोडांनी अथणी, निपाणी किंवा कोल्हापूरचे भवितव्य बदलणार नाही. मोठ्या किमतीच्या जोडातून कारागिराच्या हाती किती पडतो, ते महामंडळांनी जाहीर करावे, ही मागणी आपण अवश्य लावून धरावी.

तरी वाटाघाट करायला बळ कोठून आले, तेही पाहण्यासारखे आहे. २०१९ मध्ये कोल्हापुरी चपलेला भौगोलिक मानांकन मिळाले, ते कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजापूर अशा दोन राज्यांतील आठ जिल्ह्यांना मिळून. सीमेच्या दोन्ही बाजूंच्या सरकारी महामंडळांनी एका कागदावर सही केल्याची अशी उदाहरणे आपल्या भागात थोडी आहेत. आणखी एक मुद्दा आपण वाटाघाटीत ठेवावा : बाभळीची साल आणि हिरडा यांनी कमावलेल्या चामड्यात क्रोमियम नसते, आणि युरोपच्या बाजारात त्याला स्वतंत्र किंमत आहे. ती किंमत कमावणाऱ्यापर्यंत पोचायची, तर ‘वनस्पतीजन्य कमावणी’ हे शब्द करारात आणि चपलेच्या डब्यावर दोन्हीकडे असायला हवेत.

प्रश्न : रंगच लागणार नाही असा कापूस असताना खादीवाले तो का वापरत नाहीत?
— एक खादी कार्यकर्ते, हुदली

उत्तर : स्वातंत्र्यसेनानी गंगाधरराव देशपांडे यांच्या गावातून, जेथे एप्रिल १९३७ मध्ये गांधी सेवा संघाच्या अधिवेशनासाठी महात्माजी आले होते, हा प्रश्न यावा हे उचितच आहे. धारवाडच्या कृषी विद्यापीठाने तपकिरी रंगाच्या देशी कापसाचा वाण विकसित केला आहे. अडचण वाणात नसून मधल्या दुव्यांत आहे. पांढऱ्या कापसाशी परागसंकर होऊ नये म्हणून तो दूर लावावा लागतो, जिनिंगच्या यंत्रात तपकिरी रुई पांढरीत मिसळू नये म्हणून यंत्र साफ करावे लागते, आणि खादीसाठी पेळू (कातण्यासाठी तयार केलेल्या रुईच्या वळ्या) पुरवणारे चित्रदुर्गसारखे केंद्रीय प्रकल्प मोठ्या, एकसारख्या मालासाठी बांधलेले आहेत. बैलहोंगल भागातील काही शेतकरी, एक छोटे जिनिंग आणि दोन-तीन खादी संस्था यांनी पेरणीपूर्वीच खरेदीचा भाव लिहून ठरवला, तर हे जमेल. पेरणीनंतर गिऱ्हाईक शोधायला निघाल्यास शेतकरी दुसऱ्या वर्षी तो वाण लावणार नाही.

प्रश्न : जुने कपडे बोहारणीला द्यावेत, दान करावेत की पेटीत टाकावेत? आणि बाटल्यांपासून केलेले टी-शर्ट घ्यावेत का?
— एक गृहिणी, खानापूर

उत्तर : बोहारणीला निःसंकोच द्यावेत. ती कपडा हातात धरून, उन्हात पाहून, नेसण्याजोगा कोणता आणि फाडण्याजोगा कोणता हे ठरवते. युरोपीय संघातील देशांना कापडाचा कचरा वेगळा गोळा करणे १ जानेवारी २०२५ पासून बंधनकारक झाले, आणि तेथे ही निवड करायला माणसे मिळणे हीच मोठी अडचण आहे. जगभरात जुन्या कपड्यापासून पुन्हा कपड्याचाच धागा बनण्याचे प्रमाण एक टक्क्याच्या आसपासच आहे. आपल्याकडे पानिपतला जुन्या लोकरी आणि सुती कपड्यांचे तंतू सुटे करून घोंगड्या, ब्लँकेट बनतात, तो या बाबतीतला देशातला मोठा उद्योग. सुती साड्यांची वाकळ शिवत असाल, तर ती साडी बाहेर देण्याची गरजच नाही.

बाटल्यांच्या टी-शर्टबाबत आम्ही फारसे उत्साही नाही. स्वच्छ बाटलीपासून पुन्हा बाटली करता येते आणि ते चक्र अनेकदा फिरते. तिचा टी-शर्ट झाला, की चक्र बहुधा तेथेच थांबते. २०२२ मध्ये दुरुस्त झालेल्या नियमांनी कडक प्लॅस्टिकच्या वेष्टनांत २०२५-२६ पासून ३० टक्के पुनर्वापरित प्लॅस्टिकचे लक्ष्य घातल्याने शीतपेयवाले आणि कापडवाले आता त्याच बाटल्यांसाठी स्पर्धा करणार आहेत. घरात असा टी-शर्ट असेलच, तर तो कमी वेळा, थंड पाण्यात आणि यंत्र भरल्यावरच धुवावा, म्हणजे त्याचे तंतू कमी सुटतील. फ्रान्सने २०२० च्या कायद्यात नव्या धुलाई यंत्रांना तंतू अडवणारी गाळणी बसवण्याची तरतूद केली. आपल्याकडे यंत्र विकत घेताना दुकानदाराला ती मागून पाहायला हरकत नाही.